वाचकांचे प्रश्न : माळरानाला कोणती लेन्स लावावी?

प्रश्न : मी जुळे सोलापूर येथे राहतो व शाळेत नोकरी करतो. माझ्याकडे कॅनन १५००डी हा कॅमेरा आणि त्यासोबत आलेली १८-५५ मिलिमीटरची लेन्स एवढेच साहित्य आहे. सुटीत आम्ही सहकुटुंब नळदुर्ग, विजापूर, हत्तरसंग कुडल आणि वर्षाआड कोकणात जातो. निसर्गदृश्ये टिपण्याची मला मनापासून आवड आहे. परंतु जागेवर जे भव्य वाटले होते, ते घरी संगणकावर पाहताना मिळमिळीत दिसते. दुकानदार १०-१८ ही वाइड अँगल लेन्स घ्या म्हणतात, तर एक मित्र म्हणतो की हा कॅमेरा विकून फुल फ्रेम (चित्र टिपणारा सेन्सर मोठा असलेला) घ्यावा. पंधरा हजारांच्या पुढे जाणे मला शक्य नाही. काय करावे?

उत्तर : मित्राचा सल्ला आधी बाजूला ठेवू. फुल फ्रेम कॅमेऱ्याचा खरा खर्च त्याच्या लेन्समध्ये असतो, आणि आपली सध्याची १८-५५ कॅननच्या फुल फ्रेम डीएसएलआरवर बसतच नाही. म्हणजे कॅमेरा बदलला की आपण पुन्हा शून्यावर येणार. शिवाय आपल्या कॅमेऱ्यातील २४ मेगापिक्सेलचा सेन्सर आपण सांगता त्या कामाला भरपूर पुरेसा आहे. तक्रार त्याच्याविषयी नाहीच.

आता दुकानदाराच्या सल्ल्याविषयी. १०-१८ ही लेन्स वाईट मुळीच नाही. तिचे वजन अवघे २४० ग्रॅम आहे आणि खिशाला ती फार जड जात नाही. मात्र ती आपल्याला हवी आहे का, हे आपल्या जुन्या छायाचित्रांनाच विचारावे. गेल्या दोन वर्षांतील स्वतःला आवडलेली पन्नास छायाचित्रे निवडून संगणकावर प्रत्येकाचा तपशील उघडावा. तेथे फोकल लेंग्थ, म्हणजे लेन्स किती मिलिमीटरवर होती ते, लिहिलेली असते; आकडा लहान तितके दृश्य रुंद, मोठा तितके ते जवळ येते. पन्नासांपैकी तीस १८ वर टिपलेली असतील आणि त्यांत काही ना काही कापले गेल्याची रुखरुख असेल, तर रुंद लेन्स घ्यावी. तीस ५५ वर असतील, तर आपला हात आणखी पुढे जाऊ पाहत होता आणि लेन्स संपली होती, असा अर्थ होतो. माझा अंदाज असा आहे की आपल्या बाबतीत दुसरी गोष्ट निघेल, आणि या अंदाजाचे कारण आपण ज्या मुलखात राहता त्यात आहे.

आपला प्रदेश सपाट आहे. सह्याद्रीत कड्यावर उभे राहिले की समोर दरी असते, पायाशी खडक असतो, वर ढग असतात. १० मिलिमीटरच्या लेन्सला खाऊ घालायला तिथे पुष्कळ असते. तीच लेन्स नान्नजच्या गवताळ रानात लावून पाहिली की क्षितिज दोऱ्याएवढे बारीक होते, त्यावरची बाभूळ मुंगीएवढी उरते, आणि चौकटीचा निम्मा भाग रिकामे आकाश व निम्मा भाग वाळले गवत यांनी भरून जातो. रुंद लेन्स जवळच्या वस्तू मोठ्या व दूरच्या वस्तू लहान करते, त्यामुळे जिथे जवळ काहीच नाही तिथे ती रिकामेपण वाढवते. आपल्याला जाणवलेला मिळमिळीतपणा बहुधा हाच असावा. १८ मिलिमीटरवर आपल्या कॅमेऱ्यात आडवा कोन साधारण ६४ अंशांचा मिळतो. १० वर तो ९६ अंशांच्या आसपास जातो. ६४ अंशांत जे पसरट दिसले, ते ९६ अंशांत अधिकच पसरट दिसणार.

उलट, लांब पल्ल्याची लेन्स मागचे-पुढचे थर एकमेकांवर आणून ठेवते. जानेवारीत मंगळवेढ्याकडे जाताना रस्त्याच्या कडेला उभे राहून ज्वारीच्या रानाकडे २०० मिलिमीटरवर पाहावे. पुढे कणसांची दाट रांग, तिच्या मागे माळ्यावर उभी राहून गोफण फिरवणारी बाई, तिच्या मागे उठलेली पाखरे आणि सर्वांत मागे धुरकट झालेली लिंबाची ओळ, असे चार थर एका चौकटीत बसतात. डोळ्यांना ही सगळी दृश्ये एकमेकांपासून दूर दिसतात. लेन्स त्यांना शेजारी बसवते. सपाट प्रदेशाला खोली द्यायची ती अशी. म्हणून माझे स्पष्ट मत असे आहे की पंधरा हजारांत आपण कॅननची ५५-२५० एसटीएम ही लेन्स, जुनी पण नीट जपलेली, शोधावी. तिचे वजन ३७५ ग्रॅम आहे, फिल्टरचा आकार ५८ मिलिमीटर आहे आणि आपल्या १८-५५ चाही तोच असल्याने एकच फिल्टर दोहोंना चालतो. ही लहानशी बचत प्रवासात मोठी वाटते. २०१८ साली कॅननने आर प्रणालीचे मिररलेस (आत आरसा नसलेले) कॅमेरे आणल्यापासून अनेकांनी आपले जुने डीएसएलआर (आरशाच्या कॅमेऱ्याचे) साहित्य विकायला काढले आहे, त्यामुळे अशा लेन्स बाजारात सहज मिळतात.

मग कोकणातील समुद्र आणि नळदुर्गचा पाणी महाल यांचे काय, असे आपण विचाराल. तेथे रुंदी लागते हे खरे. पण ती विकत घेण्याआधी जोडून पाहावी. कॅमेरा उभा धरावा, लेन्स २४ वर ठेवावी, एक्स्पोजर (उजेडाचे प्रमाण) आणि व्हाइट बॅलन्स (रंगांची छटा) हाताने ठरवून पक्के करावेत आणि डावीकडून उजवीकडे पाच छायाचित्रे घ्यावीत. प्रत्येक चित्रात आधीच्या चित्राचा एक तृतीयांश भाग पुन्हा आला पाहिजे. ह्युगिनसारख्या विनामूल्य प्रणालीत ही पाच चित्रे जोडली की सुमारे १२५ अंशांचे दृश्य तयार होते, आणि त्यातला तपशील एका रुंद चित्रापेक्षा कितीतरी अधिक असतो. लाटा आणि धावणारी मुले मात्र अशा जोडकामात फसतात. त्यांचे एकच चित्र घ्यावे.

आपल्याजवळच्या १८-५५ ला कमी लेखू नये, एवढे सांगून पुढे जातो. सोबत फुकट आलेली म्हणून तिची हेटाळणी करण्याची रीत आहे. पूर्ण उघड्या अ‍ॅपर्चरवर, म्हणजे लेन्समधील प्रकाशाचे छिद्र पूर्ण उघडे असताना, तिचे कोपरे मऊ (किंचित अस्पष्ट) पडतात हे खरे, पण एफ ८ वर (हा आकडा मोठा तितके छिद्र बारीक), पहाटेच्या उजेडात, तिपाईवर ठेवून घेतलेले तिचे चित्र पाहून ते कोणत्या लेन्सचे हे ओळखणे भल्याभल्यांना जमत नाही. १८ मिलिमीटर व एफ ८ असताना दोन मीटरच्या थोड्या पुढे, म्हणजे साधारण सव्वादोन मीटरवर फोकस केला, तर सुमारे एक मीटरपासून क्षितिजापर्यंत सगळे पुरेसे स्पष्ट येते. ‘सगळे स्पष्ट हवे तर एफ २२ लावा’ हा सल्ला आपण ऐकला असेल. तो मानू नये. छिद्र फार बारीक झाले की त्यातून जाणारा प्रकाश कडांशी पसरतो आणि संपूर्ण चित्रच किंचित मऊ होते. आपल्या सेन्सरवर एफ ११ च्या पुढे हा परिणाम दिसू लागतो.

प्रश्न : विजापूरच्या गोल घुमटाचे छायाचित्र घेतले की इमारत मागे कलंडल्यासारखी दिसते. चारही मिनार वर जाताना एकमेकांकडे झुकतात. हा लेन्सचा दोष आहे का? — एक वाचक, होटगी रस्ता

उत्तर : दोष लेन्सचा नसून कॅमेरा वर उचलण्याचा आहे. सेन्सर इमारतीला समांतर राहिला तर उभ्या रेषा उभ्याच राहतात. कॅमेरा वर कलला की त्या वर जाताना जवळ येतात, मग लेन्स लाखाची असो की हजाराची.

याचे गणित साधे आहे. मुहम्मद आदिलशाहाची ही कबर १६५६ साली पूर्ण झाली आणि तिची उंची सुमारे ५१ मीटर आहे. कॅमेरा उभा व अगदी समतल धरून १८ मिलिमीटरवर घुमटाचे टोक चौकटीत आणायचे असेल, तर सुमारे ८० मीटर मागे जावे लागते. पुढ्यात नगारखान्याची इमारत असल्याने मागे सरकण्यालाही मर्यादा येते. १० मिलिमीटरवर हेच काम साधारण ४५ मीटरवरून होते. येथे मात्र रुंद लेन्सची बाजू मी घेईन, कारण तिचा उपयोग अधिक दृश्य कोंबण्यासाठी नसून कॅमेरा समतल ठेवता यावा यासाठी आहे. चौकटीचा खालचा भाग हिरवळीने भरेल. तो घरी कापून टाकावा. २४ मेगापिक्सेलच्या चित्रातून निम्म्याच्या आसपास भाग गेला तरी तेरा इंच रुंदीच्या छपाईला पुरेल इतके उरते.

रुंद लेन्स नसेल तर थोडे कलते चित्र घेऊन संगणकावर रेषा सरळ करता येतात, पण त्यात बाजू कापल्या जातात, म्हणून चित्र घेतानाच इमारतीच्या दोन्ही बाजूंना मोकळी जागा ठेवावी. केंद्रीय संरक्षित स्मारकांत तिपाईसाठी परवानगी लागते, हेही लक्षात असू द्यावे. आमचा सोलापूरचा भुईकोट किल्लाही त्यात येतो.

प्रश्न : काकांनी मला त्यांची जुनी निकॉन ५० मिलिमीटर एफ १.८ डी ही लेन्स दिली. माझ्या निकॉन डी५६०० वर ती बसते, पण फोकस आपोआप होत नाही आणि पडद्यावर ‘एफईई’ अशी अक्षरे येतात. लेन्स बिघडली आहे का? — एक महाविद्यालयीन विद्यार्थिनी, बार्शी

उत्तर : बिघडलेली नाही. ‘डी’ प्रकारच्या लेन्समध्ये फोकसची मोटार नसते. ती कॅमेऱ्यात असावी लागते, आणि डी३००० व डी५००० या मालिकांतील कॅमेऱ्यांत ती दिलेली नाही. ‘एफईई’चा अर्थ असा की लेन्सवरील अ‍ॅपर्चरची कडी २२ या आकड्यावर फिरवून तेथेच अडकवायची राहिली आहे. तेवढे केले की एक्स्पोजर नीट चालेल. फोकस हाताने करावा. व्ह्यूफाइंडरच्या तळाशी हिरवा ठिपका स्थिर झाला की फोकस जमला. घाईच्या प्रसंगी याचा त्रास होतो, पण देऊळ, झाड किंवा डोंगर कोठे पळून जात नाहीत. काकांचे आभार मानावेत आणि सध्या नवी लेन्स घेऊ नये.

प्रश्न : जुनी लेन्स घेताना काय तपासावे? समाजमाध्यमांवर जाहिराती पुष्कळ दिसतात, पण फसगतीची भीती वाटते. — एक वाचक, अक्कलकोट रस्ता

उत्तर : भीती रास्त आहे. मी स्वतः एकदा फसलो आहे, तेव्हा अनुभवानेच सांगतो. काही वर्षांपूर्वी दुसऱ्या एका शहरातील दुकानातून मी एक जुनी रुंद झूम लेन्स घेतली. काच स्वच्छ होती, कड्या मुलायम फिरत होत्या, किंमतही बरी वाटली. सोलापुरात आल्यावर भुईकोट किल्ल्याच्या तटाचे सरळ समोरून चित्र घेतले, तेव्हा डावीकडचा दगड न् दगड मोजता येत होता आणि उजवीकडचा तट मात्र ओल्या कागदावर शाई फुटावी तसा दिसत होता. लेन्स कधीतरी पडली होती आणि आतील एक काच मध्यापासून सरकली होती. दुकानदाराने हात वर केले. फिल्टर बसवण्याच्या कडीवर एका जागी बारीक पोचा होता. तो मी पाहिला होता, पण त्याचा अर्थ मला तेव्हा कळला नव्हता.

म्हणून पहिली गोष्ट, स्वतःचा कॅमेरा सोबत न्यावा. भिंतीवर वर्तमानपत्राची चार पाने चारही कोपऱ्यांत चिकटवावीत, कॅमेरा भिंतीला समांतर ठेवावा, अ‍ॅपर्चर पूर्ण उघडावे आणि चित्र घेऊन चारही कोपऱ्यांतील अक्षरे मोठी करून पाहावीत. चारही कोपरे सारखेच मऊ असतील तर तो त्या लेन्सचा स्वभाव होय. एकच कोपरा किंवा एकच बाजू मऊ असेल तर लेन्स परत द्यावी. विक्रेत्याने कंटाळा केला तरी ही परीक्षा सोडू नये, आणि झूम लेन्स असेल तर ती दोन्ही टोकांना करावी.

दुसरी गोष्ट बुरशीची. लेन्सची दोन्ही झाकणे काढावीत, अ‍ॅपर्चर उघडे ठेवावे, मागून मोबाईलच्या बॅटरीचा प्रकाश तिरपा टाकावा आणि पुढून आत पाहावे. धुळीचे चार-दोन कण दिसले तर काळजीचे कारण नाही. त्यांचा चित्रावर काहीही परिणाम होत नाही. पण कोळ्याच्या जाळ्यासारखे पांढुरके तंतू काचेच्या कडेकडून आत येताना दिसले तर ती बुरशी आहे. ती काचेवरचा लेप खाते, आणि साफ केल्यावरही डाग राहू शकतो. आपली हवा कोरडी असल्याने सोलापुरात वापरलेल्या लेन्समध्ये बुरशी तुलनेने कमी आढळते. कोकणातून किंवा मुंबईतून आलेली लेन्स अधिक बारकाईने पाहावी. अ‍ॅपर्चरच्या पात्यांवर तेलाची चकाकी दिसली तर तीही नाकारावी, कारण पाती चिकटू लागली की एक्स्पोजरचा भरवसा राहत नाही.

बिल, हमीपत्र आणि लेन्सवरील क्रमांक जुळतात का, हे पाहणे ओघाने आलेच.

प्रश्न : आकाश गडद निळे यावे म्हणून पोलरायझर फिल्टर घेतला. पण कधी परिणाम दिसतो, कधी दिसत नाही. माझी लेन्स १५००डी सोबत आलेली १८-५५ आहे. — एक गृहिणी, पंढरपूर

उत्तर : आपल्या प्रश्नाची दोन उत्तरे आहेत. पोलरायझरचा परिणाम सूर्याच्या काटकोनात असलेल्या आकाशावर सर्वाधिक होतो. सूर्य अगदी समोर किंवा अगदी पाठीमागे असेल तर जवळजवळ होतच नाही. चंद्रभागेच्या वाळवंटात सकाळी पूर्वेकडे तोंड करून उभे राहिल्यास आकाशावर तो काही करणार नाही, दक्षिणेकडे वळले की करील.

दुसरे कारण आपल्या लेन्समध्येच आहे. या १८-५५ आयएस २ चे पुढचे तोंड फोकस करताना स्वतःभोवती फिरते, त्यामुळे आपण काळजीपूर्वक जुळवलेला फिल्टर फोकस होताच सरकतो. यावर उपाय असा की आधी फोकस करावा, लेन्सवरील बटण ‘एमएफ’कडे सरकवावे आणि मगच फिल्टर फिरवून परिणाम पाहावा. फिल्टर साधारण एक ते दोन स्टॉप (एक स्टॉप म्हणजे उजेड निम्मा होणे) उजेड खातो, म्हणून सायंकाळी तो काढून ठेवावा. नदीच्या पाण्यावरची चमक आणि पावसाळी पानांवरचा पांढुरका तजेला घालवण्यासाठी मात्र त्याच्यासारखे साधन नाही. हा परिणाम संगणकावर नंतर आणता येत नाही.

प्रश्न : हिप्परगा तलावाच्या पलीकडच्या काठाची छायाचित्रे मी ७०-३०० लेन्सने एप्रिलमध्ये घेतली. एकही स्पष्ट आले नाही. अधिक महाग लेन्स घेतल्यास फरक पडेल का? — एक वाचक, तुळजापूर रस्ता

उत्तर : पडणार नाही. आपल्या वेळापत्रकात बदल केल्यास पडेल. आपण वेळ लिहिलेली नाही, पण ती दुपारची असावी असे मी धरून चालतो. तापलेल्या जमिनीवरून वर चढणारी हवा सतत हलत असते आणि तिच्यातून येणारा प्रकाश वेडावाकडा वळतो. डांबरी रस्त्यावर मृगजळ दिसते तोच हा प्रकार. १८ मिलिमीटरवर तो कळत नाही, ३०० वर मोठा होऊन दिसतो, आणि लेन्स जितकी चांगली तितका तो अधिक स्वच्छ दिसतो, एवढाच काय तो फरक. सूर्योदयापासून पहिल्या अर्ध्या तासात, जमीन तापण्यापूर्वी, तोच काठ पुन्हा टिपून पाहावा. गाडीच्या टपावरून किंवा तापलेल्या बॉनेटवरून कॅमेरा रोखू नये, कारण तेथे हा त्रास अगदी लेन्सच्या तोंडाशी सुरू होतो.

आणखी एक. ७०-३०० वापरताना शटरचा वेग सेकंदाच्या चारशेव्या-पाचशेव्या भागाच्या खाली जाऊ देऊ नये. लेन्समधील स्थिरीकरण आपल्या हाताची थरथर थोपवते; तलावावरच्या वाऱ्याने हलणारे पाणकणीस मात्र ते थांबवू शकत नाही. तिपाई लावल्यास स्थिरीकरण बंद करावे, आणि वारा असेल तर तिपाईच्या मधल्या दांड्याला पाण्याची भरलेली पिशवी अडकवावी. मी बाजाराची जुनी कापडी पिशवी नेतो आणि तिच्यात तिथलेच दगड भरतो.